नाव बदलून मिळेल

ही २०२२ सालची गोष्ट. विश्रांतवाडीत एका मिठाईच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत अभिनवची कंपनी होती. मातीतला ओलावा मोजणारं सॉफ्टवेअर हे तिचं एकमेव अपत्य, आणि तेही दत्तक! मूळ प्रोग्रॅम १९९७ साली रशीदा शेख नावाच्या एका शास्त्रज्ञ बाईंनी लिहून सगळ्यांसाठी मोफत ठेवला होता.

"सर, मोफत आहे, पण परवान्यात अटी आहेत," कंपनीची एकुलती एक प्रोग्रॅमर तेजस्विनी म्हणाली. "विकायचं तर गिऱ्हाइकाला कोडही द्यायचा आणि बाईंचं नाव राखायचं."

"फुकटाला कसल्या अटी?" अभिनव म्हणाला. "स्वारगेटच्या खत कंपनीला मी लिहून दिलंय, ओळ न् ओळ माझी. ही ऑर्डर गेली तर खाली पेढे बांधायला बसू दोघं!"

तेजस्विनी बधेना. मग त्याने स्वतःच संगणकाला हुकूम सोडला: जिथे 'रशीदा', तिथे 'अभिनव'. तीनशे बारा ठिकाणी नाव बदललं. वाचलं मात्र एकही ठिकाण नाही.

स्वारगेटला अभिनव आणि तेजस्विनीच्या समोर खत कंपनीच्या सल्लागार बाई बसल्या. पांढरे केस, दोरीला अडकवलेला चष्मा. नाव सांगायची त्यांनी घाई केली नाही.

"कोड दाखवा."

"गुपित असतं हो ते, मॅडम."

"मग राहू दे."

दाखवावाच लागला! मेथी निवडावी तशा बाई एकेक ओळ वाचत गेल्या आणि थबकल्या.

"अहो, हे काय? 'पुढचा हिशेब अर्धवट आहे, कारण अभिनव बाळंतपणाच्या रजेवर आहे.'"

अभिनव वाकून ती ओळ पहिल्यांदाच वाचू लागला.

"आता तब्येत बरी आहे ना?" बाईंनी विचारलं. "माझं तर तेव्हा सिझर झालं होतं. आमच्या साहेबांना प्रत्येक गोष्टीचं लेखी कारण लागायचं, म्हणून लिहून ठेवलं. मी रशीदा शेख."

अभिनवला बूटसुद्धा घट्ट वाटू लागले. तेजस्विनीने मुकाट्याने पिशवीतून दुसरी प्रत काढली. मूळ नाव, परवाना, कोड, सगळं जागच्या जागी.

"ही घेऊ आम्ही," रशीदाबाई म्हणाल्या. "आणि ते लिहून दिलेलं तेवढं बदला."

कंपनी तगली. तेजस्विनी आता तिच्यात भागीदार आहे. रशीदाबाईंनी सल्ल्याचं कामही सोडलं. ज्याच्यापायी तो हिशेब अडला होता, त्या उजैरने, त्यांच्या मुलाने, गेल्या वर्षी तो पुरा केला.

आणि अभिनवला मुलगी झाली. त्याने भागीदारीणबाईंकडे पंधरा दिवसांची रजा मागितली.

"सर," तेजस्विनी म्हणाली, "तुमची एक झालीय. नोंद आहे!"