लोण्यासारखा चाप

पिस्तुलाचा चाप बदलणं म्हणजे काही दिव्य नव्हे, असं काकींचं स्पष्ट मत होतं. शिलाई मशीन त्यांनी उघडलं होतं, मिक्सर उघडला होता, एकदा तर गिझरही उघडला होता. (तो नंतर बंद झाला नाही, ती गोष्ट वेगळी.) मग पिस्तुलाला काय सोनं लागून गेलंय?

"उभा जन्म मी त्यांच्या टेबलाशेजारी काढला," काकींनी घरात जाहीर केलं. "स्क्रू मी दिला, पेचकस मी दिला, चष्मा तर रोज मीच शोधून दिला! ह्यांनी नुसतं फिरवलं!"

'हे' म्हणजे काकींचे यजमान. नेमबाजीच्या क्लबात त्यांना लहानथोर सगळे उस्ताद म्हणत. स्पर्धेची छर्‍यांची पिस्तुलं जुळवून देणं हा त्यांचा धंदा. कुणाची मूठ हाताच्या मापाने तासून दे, कुणाची स्प्रिंग बदल आणि मुख्य म्हणजे चाप लावून दे. चाप कसा हवा? बोट सहज थोडं मागे यावं, मग एक बारीकशी भिंत लागावी आणि त्या भिंतीपाशी श्वास धरून नुसतं मनात आणलं की बार सुटावा! अशी भिंत बांधणारा गवंडी म्हणजे उस्ताद. ते गेले त्याला काही महिने झाले होते. मागच्या खोलीतलं त्यांचं टेबल काकी रोज पुसत आणि पुसताना काहीतरी बोलत. काय बोलता, हे विचारायची घरात कुणाची टाप नव्हती.

आता चाप बदलायचं खूळ निघालं ते धाकटीमुळे. काकींची ही लेक वडिलांच्या हाताखाली नेमबाज झालेली. राज्याच्या संघाची निवड दोन दिवसांवर आली होती आणि बाप गेल्यापासून पोरीचे छर्रे कागदावर वाट्टेल तिथे पडत होते.

"चापच जड लागतो गं आई. भिंतीपाशी बोट जातं आणि तिथेच बसून राहतं."

"तेल घाल."

"घातलं. नाहीच जमत. ह्या वेळी निवड हुकली ना, तर मी पिस्तूल पेटीत घालणार. कायमचं."

एवढं बोलून धाकटी जेवणावरून उठली. काकी ताटाकडे बघत राहिल्या. ह्या घरात रोज संध्याकाळी 'टक्' असा आवाज यायचा. रिकाम्या पिस्तुलाने भिंतीवरच्या काळ्या टिकलीवर नेम धरून चाप ओढायचा, हा आधी उस्तादांचा नेम आणि मग लेकीचा. त्या 'टक्'वर काकींचा कुकर लागायचा. आता तोही आवाज पेटीत जाणार?

दुसर्‍या दिवशी धाकटी ऑफिसला गेली आणि काकींनी पदर खोचला! बेत साधा होता. उस्तादांचं स्वतःचं पिस्तूल अगदी लेकीच्या पिस्तुलासारखंच, त्याच बनावटीचं. अंथरुणाला खिळेपर्यंत ते रोज हातात धरून त्यांनी 'टक्' केलेलं. समाचाराला आलेल्या प्रत्येक बाईला काकींनी ऐकवलं होतं, "हात शेवटपर्यंत दगड! चाप असा ओढायचे, लोण्यातून सुरी!" मग तोच लोण्यासारखा चाप काढून लेकीच्या पिस्तुलात का बसवू नये?

"त्यांना आता काय करायचाय तो?" काकी म्हणाल्या आणि उगाचच सुनेवर खेकसल्या, "उभी काय राहिलीस? रिकामी बरणी आण. सुटे भाग ठेवायला."

सुनेने बरणी आणली. झाकण काही केल्या निघेना.

"काय गं, हल्ली झाकणं लावतेस की वेल्डिंग करतेस?"

"आई, तुम्हीच म्हणाला होतात, घट्ट लावत जा."

"म्हणणारच! मागे वर्षभर ह्या घरात एक झाकण धड बसलेलं नव्हतं! साखरेत मुंग्यांनी संसार थाटला होता! बोलून बोलून जीभ झिजली माझी, तेव्हा कुठे तुला वळण लागलं."

सून काही बोलली नाही. ती तेव्हाही बोलायची नाही. एरवी बरण्या उघडणं हे खातं उस्तादांचं. "आण इकडे," म्हणायचे आणि एका हिसड्यात झाकण हातात! पार आजारपणातसुद्धा!

शेवटी काकींनी भाताचं पातेलं घेतलं.

पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघाला. "बघ! एवढंच असतं!" असं काकी म्हणाल्या न म्हणाल्या तोच उस्तादांच्या पिस्तुलातून तांदळाच्या दाण्याएवढी एक स्प्रिंग, माहेरी पळालेल्या सुनेसारखी, टुण्णकन उडाली ती दिसेनाशीच झाली!

"कुणी हलायचं नाही!" काकी ओरडल्या. सगळे हलले.

थोरला मुलगा चहाचा कप घेऊनच धावत आला. "आई, हे काय आपलं काम आहे का?"

"मग कुणाचं? तुला बल्ब बदलायला माणूस बोलवावा लागतो! खाली बस आणि शोध!"

थोरल्याने कप टेबलावर ठेवला आणि फ्रिजवरचं लोहचुंबक आणून जमिनीवर लोळण घेतली. चुंबकाला टाचण्या लागल्या, बाटलीचं पत्र्याचं बूच लागलं, सुनेची कधीची हरवलेली हेअरपिन लागली. स्प्रिंग लागली नाही. सुनेने केरसुणी घेतली, काकींनी ती हिसकावली. गादी झाडली, टेबलामागचे पडदे झाडले, थोरल्याला झाडलं. अखेर दमून तो खुर्चीत बसला, गार झालेला चहा तोंडाला लावला आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"आई, चहा जरा खरखरीत लागतोय."

"गिळू नकोस!!"

थोरल्याने जिभेच्या टोकावर आणून दिलेली स्प्रिंग काकींनी धुतली, पुसली, जागेवर बसवली. उस्तादांचा चाप अख्खाच्या अख्खा, त्याच्या स्क्रूंना धक्का न लावता, लेकीच्या पिस्तुलात गेला. मग काकींनी टिकलीसमोर उभं राहून बोट टेकवलं. नुसतं टेकवलं!

टक्.

"लोणी!" काकी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. तेलाचा वास, दुसरं काय!

धाकटीला त्यांनी काहीच सांगितलं नाही. आयत्या वेळी कळलं तर तिला किती बरं वाटेल! तिलाही ते कळायचा मार्ग नव्हता, कारण बापाचा दंडक होता की निवडीच्या आदल्या दिवसापासून चापाला हात लावायचा नाही, बोट फाजील शहाणं होतं. निवडीच्या सकाळी धाकटीने पेटी उचलली आणि नव्या साडीतल्या काकी तिच्यामागोमाग निघाल्या.

क्लबाच्या दालनाबाहेर आधी तपासणी असते. पिस्तूल उभं धरून चापाला एक ठरलेलं वजन अडकवतात आणि ते हळूच वर उचलतात. वजन चापाने पेललं तर आत जा. त्याआधीच बार सुटला, तर चाप नियमापेक्षा हलका, म्हणजे घरी जा. तपासणीच्या टेबलाशी उस्तादांचे जुने स्नेही होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत.

भाऊंनी वजन अडकवलं. ते जमिनीवरून उचललंही गेलं नव्हतं.

टक्.

"पुन्हा," भाऊ म्हणाले. टक्. "अजून एकदा." टक्!

धाकटी पांढरीफटक पडली. "असं कसं होईल? माझा चाप तर जड होता!"

"वजनातच खोट असेल!" काकी पुढे सरसावल्या. "भाजीवाल्यांची मापं बघितलीत मी! हे वजन आधी कशावर तरी तोलून आणा!"

"काकी, आत्तापर्यंत सगळ्यांची पिस्तुलं ह्याच वजनावर गेलीत."

"आई." धाकटीचा आवाज खाली आला. "तू काय केलंस?"

"मी काय करणार? चाप बदलला. तुझ्या बाबांचा घातला. जड लागतो म्हणत होतीस ना?"

धाकटीने हातातली पेटी खाली ठेवली. ती भांडली असती तर काकींना बरं वाटलं असतं. भांडणात त्यांनी आजवर हार पाहिली नव्हती.

भाऊंनी पिस्तूल हातात घेतलं, करंगळीने चाप चाचपला. "रांग संपेपर्यंत जुळवून आणा, परत बघतो. पण काकी, हा उस्तादांचा चाप असणं शक्य नाही. ते असला लावायचेच नाहीत. ह्याला भिंतच नाही हो. बोटात अजिबात जोर नसलेल्या माणसासाठी कुणीतरी सैल, सैल, अजून सैल करत आणल्यासारखा वाटतोय. फुंकर मारली तरी सुटेल."

"काहीतरीच काय! ह्यांचाच आहे. रोज संध्याकाळी माझ्यासमोर ओढायचे. हात शेवटपर्यंत..."

काकींचं वाक्य तिथेच राहिलं.

'उकडतंय' म्हणून ते सदर्‍याची बटणं लावेनासे झाले होते. पेपर हातात न धरता टेबलावर पसरून वाचायला लागले होते. पेला दोन्ही हातांनी धरायचे आणि काकी म्हणायच्या, "काय लहान मुलासारखं!" आणि बरण्या. एका हिसड्यात निघणार्‍या बरण्या. सुनेचं वळण वर्षभर बिघडलेलं होतं आणि ते सुधारलं नेमकं हे गेल्यावर.

"आई, पेटीतला पेचकस दे," धाकटी म्हणाली. "मी फिरवते."

"राहू दे. मी करते."

कोपर्‍यातल्या बाकावर काकी बसल्या. उस्तादांनी स्वतः लावलेला तो शेवटचा स्क्रू. एक फेरा दिला की जिथे ते थांबले होते ती जागा पुसली जाणार होती आणि ती दुसरं कुणी लावून देणारं नव्हतं. दालनात पुढच्या नेमबाजाचं नाव पुकारलं गेलं. धाकटी शेजारी उभी होती.

काकींनी स्क्रू आवळला. थोडा आवळला, तेव्हा त्यांना वाटलं, इथे पेला. आणखी थोडा, इथे सदर्‍याची बटणं. स्क्रू घट्ट होत गेला तसतसे हे बरे होत गेले. बोटाला भिंत लागली तेव्हा ते ताठ उभे राहून "आण इकडे" म्हणत होते, त्या वेळचं झाकण खरोखर घट्ट होतं.

भाऊंनी वजन उचललं. चापाने पेललं.

"हं," धाकटीने रिकामा चाप एकदाच ओढून बघितला. "हा असाच लावायचे बाबा. मला."

धाकटी संघात आली. म्हणजे राखीव म्हणून आली. राखीव म्हणजे खुर्चीवर बसायचं! "पण बसायचं तर संघाच्याच खुर्चीवर ना!" असं काकींनी घरी येईपर्यंत भेटेल त्याला बजावलं. पिस्तूल पेटीत गेलं नाही.

घरी शेजारीण वाट बघत होती. "काकी, जमलं ना? उस्तादांचीच पोर ती!"

"तर काय! ह्यांचा हात..." काकींनी सुनेकडे रोखून पाहिलं. "ह्यांचा हात शेवटपर्यंत दगड होता."

"दगड," सून लगेच म्हणाली.

शेजारीण गेल्यावर काकी स्वयंपाकघरात शिरल्या. सून चहा टाकत होती.

"झाकणं तू सैल करून ठेवायचीस?"

सुनेने गॅस बारीक केला. "बाबा सांगायचे. तुम्ही बरणी आणायच्या आधी."

"आणि मी वर्षभर तुला बोलत होते, ते?"

"म्हणायचे, 'तेवढं ऐकून घे गं, माझ्यासाठी.'"

माफी मागायची सवय काकींना कधीच नव्हती. आता ह्या वयात कुठे लावून घेणार? त्यांनी साखरेची बरणी उचलली, झाकणाशी झटापट केली, दमल्या आणि बरणी ओट्यावर आदळली.

"एवढी घट्ट लावत जाऊ नकोस. माणसाला उघडता आली पाहिजेत."

आठवडाभरात साखरेत पुन्हा मुंग्या झाल्या! काकी एक अक्षर बोलल्या नाहीत. चमच्याने मुंग्या बाजूला करायच्या आणि चहात साखर घालायच्या. एखाददुसरी राहायचीच.