मेश्रामकाकांची ड्यूटी

रोज संध्याकाळी आमचे मेश्रामकाका डोक्यावर पिवळं हेल्मेट घालतात, सायकलच्या हॅंडलला रिकामा डबा अडकवतात आणि पुढच्या फाटकातून ड्यूटीवर निघतात. गल्लीला एक वळसा घालतात आणि मागच्या दाराने घरी येतात. संपली ड्यूटी! स्टील प्लांटमधून रिटायर होऊन त्यांना जमाना झाला. स्मृति नगरातली पोरं त्यांना ‘मिनी शिफ्ट’ म्हणतात.

हसायला माझी हरकत नव्हती. पण त्यांचा तो वळसा माझ्या प्लॉटमधून जायचा.

प्लॉट त्यांच्या घराला लागूनच, मागच्या अंगाला. मी जामुलला ग्रिल-गेट बनवतो. दुसऱ्याच्या दुकानात वेल्डिंगच्या ठिणग्या अंगावर झेलत शिकलो, मग स्वतःचं शेड टाकलं, आणि लोखंडवाल्यापासून बँकवाल्यापर्यंत सगळ्यांशी घासाघीस करून हा प्लॉट घेतला. चार फ्लॅट काढायचे, खालचा आपला. म्हणून आधी तारेचं कुंपण घातलं. दुसऱ्या दिवशी सायकल जाईल एवढी तार कापलेली.

“काका, तार कोणी कापली?”

“मीच. तुह्याजवळ परमिट हाय का?”

“प्लॉट माझा आहे!”

“प्लॉट तुहा असन. परमिट हाय का?”

प्लांटमध्ये परमिटशिवाय कामाला हात लावत नाहीत, ही सवय काकांच्या हाडात शिरलेली. भाजीवाल्याने काटा उचलला, न्हाव्याने वस्तरा काढला, की काका विचारणार, “परमिट हाय का?” माझा बांधकामाचा नकाशा मंजुरीला नगर निगममध्ये गेला, तेव्हा सगळ्यात पहिली हरकत त्यांचीच.

सुनावणीला काका हेल्मेट घालूनच आले. म्हणाले, हवा अडेल. निगमचा इंजिनियर म्हणाला, नहीं अडेगी. म्हणाले, नाली तुंबेल. नाली तर दुसऱ्याच अंगाला. मग म्हणाले, कावळे कुठी बसतील?

आमच्या वॉर्डातून निवडून आलेले पार्षद वैतागले. “दादाजी, खाली प्लॉट है, मकान तो बनेगा ही ना?”

“बनवा ना. मधातला रस्ता सोडून बनवा.”

“नक्शे में रस्ता है ही नहीं!”

“नक्शात नसन. जमिनीवर हाय ना!”

पुढची तारीख पडली. मग आणखी एक. माझा आवाज चढला की इंजिनियर मलाच बाहेर बसवायचा. मी दुकान बंद ठेवून निगमच्या बाकावर बसून बसून थकलो. वाटायचं, लोखंडाशी आयुष्यभर झगडलो, पण लोखंड निदान तापलं की वाकतं. एकदा तर मी भाव लावायलाही गेलो. “काका, तुमच्या मागच्या दाराला नवं गेट फुकट देतो. हरकत मागे घ्या.” काका म्हणाले, “गेट घेऊन काय करू? मले रस्ता पायजे.” असं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नव्हतं.

शेवटी इंजिनियर जागा पाहायला आला. नेमका संध्याकाळचा. आम्ही टेप धरून उभे, आणि कापलेल्या तारेतून काकांची सायकल आली. आमच्याकडे न पाहता त्यांनी घंटी वाजवली. स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि काकू दिसल्या. कित्येक महिन्यांनी.

“आले का जी? आज उशीर केला.”

“शटडाउन होता व.”

“डबा खाल्ला?”

काकांनी रिकामा डबा वाजवून दाखवला. “सारा संपवला. भाजी मस्त होती.”

काकू हसल्या. मग त्यांची नजर आमच्यावर आली. “हे कोन?”

“आमच्या डिपार्टमेंटचे.”

काकूंनी पदर सावरला आणि थेट मला म्हणाल्या, “साहेब, याइले टायमावर सोडत जा. जीव लागून राहते.”

लहानपणापासून त्यांनी मला पाहिलेलं. मी म्हणालो, “हो काकू.”

काका सायकल लावून परत आले. हेल्मेट काढून हातात धरलेलं. “पुढच्या दारानं आलो तं तुही काकू मले ओळखत नाही, बाबू. पाहुना समजते. पानी देते अन् इचारते, कोनाकडे आले? इकून आलो की मंग मी तिचा.”

“मग सुनावणीत हे का नाही सांगितलं?”

“चार लोकायसमोर बायकोची बिमारी सांगू? कावळ्याचं सांगतलं तं लोक मलेच पागल म्हनतात. म्हनू दे.”

इंजिनियर टेप गुंडाळत होता. मी म्हणालो, “काकांच्या खिडकीकडून सायकल जाईल एवढी पट्टी मोकळी सोडा.”

“एक-एक कमरा छोटा हो जाएगा.”

“होने दो.” आणि घरी जाऊन बायकोवर विनाकारण ओरडलो.

आता काम सुरू आहे. त्या पट्टीत विटा ठेवल्या की काका गवंड्यांना परमिट मागतात, आणि मी आधी गवंड्यांवर, मग काकांवर ओरडतो. संध्याकाळी खिडकी उघडते.

“साहेब, आज सोडलं नाही का याइले?”

मी गल्लीच्या वळणाकडे पाहतो. “सोडलं काकू. निघाले, येतच असतील.”