माझ्या रक्ताला फॅट लागली

चिठ्ठ्या बदलायच्या, एवढंच मी ठरवलं होतं. त्याही दोनच. त्यापायी लेकीचा संसार मोडायची वेळ आली, हे आज हसत सांगतोय.

नगरहून एक डॉक्टरीणबाई आमच्या राहुरीकडच्या गावात संशोधनाला आल्या. रक्तातली चरबी पथ्यानं आणि गुग्गुळाच्या गोळ्यांनी उतरते का, हे त्यांना बघायचं होतं. सकाळी उपाशीपोटी माणसं सापडायची जागा एकच, दूध डेअरी. तिथल्या ओट्यावर बाईंनी चाळीस जणांचं रक्त काढलं, काचेच्या नळ्यांत भरलं आणि प्रत्येक नळीला दोऱ्यानं नावाची चिठ्ठी बांधली. मग चहाला जाताना मला म्हणाल्या, "बाबा, जरा लक्ष ठेवा." (गावातलं शेंबडं पोरसुद्धा मला राखणीला बसवणार नाही. पण बाई नगरच्या.)

मी तंबाखूला चुना मागायला डेअरीत जाऊन आलो, तोवर नळ्यांत रक्त खाली बसलं होतं, वर पाणी सुटलं होतं. सगळ्यांचं पाणी पिवळट. एका नळीत मात्र पांढरंशुभ्र, म्हशीच्या दुधासारखं! चिठ्ठी वाचली (चौथीपर्यंत गेलोय, नाव वाचता येतं). सूर्यभान! म्हणजे आमचे व्याही. कालव्यापलीकडे त्यांची वस्ती. माझी केशर त्यांच्या गोरक्षला दिलेली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डेअरी निघाल्यापासून ह्या माणसाच्या दुधाला माझ्यापेक्षा जास्त फॅट लागते, आणि तो रोज चारचौघांत ओरडून विचारतो, "इवाई, तुमची किती लागली?" आता रक्तातही हाच पुढं? मी इकडंतिकडं बघितलं, दोरे सोडले आणि त्यांची चिठ्ठी माझ्या नळीला, माझी त्यांच्या नळीला बांधली.

आठ दिवसांनी बाई आल्या. मी फेटा बांधून पुढंच बसलो.

"रंगनाथबाबा कोण?"

"म्या. किती लागली?"

"फार. एवढी चरबी मी आजवर पाहिली नाही."

मी सूर्यभानरावांकडं बघत मिशीवरून हात फिरवला.

"हसता काय? ह्यानं पोटात सूज येते, माणूस दगावतो! आजपासून तूप, गूळ, साखर, मटण, दारू, सगळं बंद. भाकरी एक, दुधी हवा तेवढा. रोज ह्या गोळ्या. दीड महिन्यानं परत रक्त बघू."

माझी बायको चांगुणा मागंच उभी होती. तिनं गोळ्यांची डबी पदराला बांधली आणि मला घरी नेलं, म्हशीला नेतात तसं.

दुधी खाऊन मी वाळलो, त्याचं मला काही वाटलं नाही. (वाटलं. पण लिहीत नाही.) खरा घोर निराळा होता. ज्याचं रक्त पांढरं, तो माणूस कालव्यापलीकडं खुशाल तूप ओरपत होता. सांगावं तर तोंड काळं. न सांगावं तर लेकीचा सासरा जायचा.

त्यात अधिक महिना आला. लेक-जावयाला धोंडे जेवायला बोलावलं, बरोबर व्याही आले. पुरणाचे धोंडे, अनारसे आणि चांगुणाच्या हातात तुपाची झारी. माझ्या ताटात दुधी.

पहिली धार सूर्यभानरावांच्या ताटात पडली. दुसरी पडली. "सोडा इहीनबाई, हात आखडू नका!" तिसरी. आता हा माणूस माझ्याच ओसरीत आडवा होतोय.

"बास!" मी ओरडलो.

"काय बास?" व्याही म्हणाले.

"तूप. लई झालं. धोंडं बी ठिवा खाली."

"अवं, याड लागलं का तुमाला?" चांगुणा कुजबुजली. "पाव्हण्याला खान्यावरनं बोलता?"

"माझ्यातला दुधी घ्या की, इवाई."

सूर्यभानरावांनी हात झटकला. "जेवाया बोलावलं का इज्जत काढाया? गोरक्षा, ऊठ! आमच्या तोंडातलं तूप ज्यांच्या डोळ्यात येतं, त्यांची लेक त्यांच्याच घरी ऱ्हाऊ दे."

गोरक्ष अर्धा धोंडा तोंडात घेऊन उठला. केशर दारात भिंत धरून उभी. "दादा, काय केलं वो हे?" एवढंच बापाला म्हणाली. व्याह्यांचा एक पाय वहाणेत गेला होता. मी धावलो, दुसरी वहाण छातीशी धरली आणि सगळं ओकलो. नळ्या, चिठ्ठ्या, फॅट, सगळं.

"ते पांढरं रगत तुमचं हाय, इवाई! तूप सोडा, न्हाईतर मरताल!"

सूर्यभानरावांनी वहाणेतला पाय बाहेर काढला. मग त्यांची नजर हळूच खाली गेली.

"तुमी चुना मागाया आत गेल्ता न्हवं?" ते म्हणाले. "तवा मी वट्यावर आल्तो. पांढरी नळी बघितली. तिच्यावर चिठ्ठी तुमची हुती."

"माझी?"

"व्हय. म्हनलं, म्हशीत मागं पडणारा मानूस रगतात पुढं जातो म्हंजे काय? म्या बी बदलल्या चिठ्ठ्या."

मी बोटांवर हिशेब करत बसलो. त्यांनी माझं रक्त आपल्या नावावर केलं. मी ते चोरून परत माझ्या नावावर आणलं. म्हणजे...

चांगुणाला माझ्याआधी उमगलं. तिनं व्याह्यांना ताटावर बसवलं, चौथी धार सोडली आणि मला डावभर दुधी वाढला. केशर पदर तोंडाला लावून हसत होती, डोळे अजून ओलेच.

दीड महिन्यानं बाई आल्या तेव्हा माझी चरबी निम्म्यावर आली होती. "शाबास!" बाई म्हणाल्या. "चाळीस जणांत एवढं प्रामाणिक पथ्य तुमचंच."

मी ऐटीत म्हणालो, "गोळ्यांचा गुण, बाई! आता दुधी सोडला तरी चालंल."

बाईंनी वही चाळली. "गोळ्या? निम्म्या लोकांना खऱ्या दिल्या होत्या, निम्म्यांना नुसत्या पिठाच्या. तुमच्या पिठाच्या. जे केलं ते दुधीनंच!"

घरी गेल्या गेल्या चांगुणानं परसात दुधीची आणखी तीन आळी खणली.