बाळूकाका आणि टबातलं कासव

सुकापूरच्या रस्त्यावर भरदुपारी एखादा म्हातारा दोन्ही हात पसरून ट्रक अडवताना दिसला, तर ते आमचे बाळूकाका. त्यांच्या पाठीमागून एक कासव रस्ता ओलांडत असतं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तर काका शांतपणे म्हणतात, "त्याला घाई असती तर ते कासव झालं असतं का?" फारच गाड्या साठल्या तर ते कासवाला उचलतात, पण ते निघालं होतं त्याच बाजूला नेऊन ठेवतात. मागे ठेवलं तर ते पुन्हा रस्त्यावर येणार, असं त्यांचं म्हणणं.

आमची इमारत त्यांच्याच भातशेतीवर उभी आहे, आणि तेही इथेच राहतात. लिफ्टमध्ये भेटले की आपली तब्येत विचारत नाहीत. गावच्या तळ्यात आज किती कासवं उन्हाला बसली होती, ते सांगतात.

गेल्या वर्षी माझ्या मेहुण्यानं वास्तूला चांगलं म्हणून पाठीवर चांदण्या असलेलं एक कासव आणून दिलं. आम्ही कौतुकानं टबात पाणी भरून त्यात ठेवलं. काका सोसायटीच्या कागदावर सही घ्यायला आले. सही राहिली बाजूला. त्यांनी कासव बाहेर काढलं, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसलं, पाय निरखून पाहिले.

"मास्तर, हे पाण्याचं नाय. जमिनीचं हाय, गवत खातं. बुडून मेलं असतं."

असं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे, हेही त्यांनीच सांगितलं. मी घाबरलो. म्हटलं, माळावर सोडून येतो. तेही त्यांना पटेना. हे कोरड्या मुलखातलं, इथल्या ओलीत टिकणार नाही, वर इथल्या कासवांना रोग लावेल. वनखात्याकडेच द्यायचं.

मला एकट्याला धीर होईना, म्हणून तेही आले. गवत घातलेलं खोकं मांडीवर धरून रिक्षात बसले आणि प्रत्येक खड्ड्याला रिक्षा हळू करायला लावली. ऑफिसात साहेबांनी कासव ताब्यात घेतलं, मला चार शब्द सुनावले. काकांनी मात्र ते कुठे नेणार, काय खायला घालणार, असं इतकं विचारलं की शेवटी साहेबांनी त्यांना खुर्ची दिली.

बाहेर येऊन आम्ही चहा सांगितला. काका बशीत चहा ओतत म्हणाले,

"तुमची काकी गेली ना, तवा मीपण एक ठेवलेलं. तळ्यातलं. घमेल्यात नखं वाजायची. घरात कोणतरी हाय असं वाटायचं."

"मग?"

"सारखं वर चढायला बघायचं. आठ दिवसांनी सोडलं."

मी त्यांना संध्याकाळी आमच्याकडे जेवायला या म्हटलं. ते म्हणाले, कशाला उगाच त्रास. चहा संपला, रिक्षा मिळाली, अर्धा रस्ता सरला. मग बाहेर बघत त्यांनी विचारलं, "किती वाजता येऊ?"