नागनाथ सरांचा चटणीतारा

"कॉम्प्युटरवर तारा असा फुगवतो आणि असा आक्रसवतो, की समिती तोंडात बोटं घालेल!" जे. पी. नगरातल्या मराठी शाळेचे विज्ञान शिक्षक नागनाथ सर आठवडाभर हेच सांगत फिरत होते. सांगावंच लागत होतं म्हणा! साल पंच्याण्णव, शाळेत कॉम्प्युटर एकच, आणि शाळा समितीचे नरसिंहराव तो समितीच्या ऑफिसात टायपिंगला न्यायला टपलेले. आज प्रयोग फसला की कॉम्प्युटर गेलाच!

तेज बदलणारा तारा पडद्यावर उगवला आणि प्रोग्राम तिथेच अडकला. ठिपका ढिम्म! सर बटणं बडवतात, घाम पुसतात... इतक्यात तारा मंदावला! मिनिटभराने पुन्हा लखलखला!

कसा ते सरांनाच कळेना. पण कबूल करतील ते सर कसले! "मुलांनो, वेळा टिपा!"

नववीतल्या पवित्राने चार फेऱ्या वहीत टिपल्या. "सर, तीन मिनिटं लखलखीत, एक मिनिट मंद. याला न दिसणारा जोडीदार आहे. तो आड आला की उजेड कमी! आता तो अकरा वाजून बाराला येणार बघा."

अकरा बारा. तारा मंद! टाळ्यांचा कडकडाट!

"भले!" नरसिंहराव म्हणाले. "आणखी एकदा दाखवा, लगेच सही करतो."

अकरा सोळा वाजले. तारा टकटकीत! सतरा वाजले. सर पुन्हा बटणं बडवू लागले.

तेवढ्यात शेजारच्या कँटीनमधून यल्लव्वा डोकावली. "अण्णा, चटणी वाटून झाली. पाहुण्यांना इडली आणू?"

ग्राइंडर! मिनिटभर वाटायचं, तीन मिनिटं भांडं रिकामं करून भरायचं. आणि तो फिरला की शाळेची वीज अर्धी! सर दाराशी धावले. "अक्का, स्वल्प अजून वाट!"

"नारळ संपले की!"

"मग खडेमीठ वाट! पण वाट!"

घर्रर्र! तारा मंदावला. टाळ्या, सही, शिक्का! कॉम्प्युटर शाळेचाच! सरांची छाती दोन इंच फुगली.

नरसिंहरावांनी निवांत इडली खाल्ली आणि जाताना सरांच्या कानाशी वाकले. "पोरीने डोकं फक्कड चालवलं, म्हणून सही केली हो. ताऱ्याबरोबर वरची ट्यूबही मंदावत होती, ते मी बघत होतो."

सरांची छाती होती तिथे आली.

"तारा झकास," नरसिंहराव म्हणाले. "जोडीदाराला मात्र सांगा, चटणीत मीठ फार झालंय!"