वाळू ओकणारा मासा

माझ्या हाती दिलेली कुठलीही सजीव वस्तू मरत नाही, असं मी सासऱ्यांना छातीठोकपणे सांगितलं.

"मनीप्लांट?" बायको म्हणाली. माणसाला बाहेरच्या शत्रूंची गरजच नसते.

सासरे निवृत्त घड्याळजी. त्यांच्या लेखी जावई म्हणजे मागे पडणारं घड्याळ. दुरुस्त होत नाही आणि फेकूनही देता येत नाही. आजवर त्यांनी माझ्या हाती साधा स्क्रूड्रायव्हरसुद्धा दिला नव्हता. त्यामुळे बहिणीकडे राहायला जाताना त्यांनी आपला लाडका गोबी मासा खाऱ्या पाण्याच्या टाकीसकट आमच्या हॉलमध्ये आणून ठेवला, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

"पाणी आटलं तर साधं पाणी घाला, मीठ उडून जात नाही," ते म्हणाले. "झाकण लावलेलं असू द्या. हा उडी मारतो. आणि जावईबापू, बाकी काहीही करू नका."

शेवटचं वाक्य ते नम्रपणाने म्हणाले असणार, असं मी धरून चाललो.

ते गेले आणि मी टाकीसमोर खुर्ची टाकून बसलो. बोटाएवढा मासा तळाशी गेला, त्याने तोंडभर वाळू घेतली आणि दोन्ही कल्ल्यांतून भुरुभुरु बाहेर सोडली. मग पुन्हा तेच.

"अगं, मासा ओकतोय!"

"बाबांना फोन कर."

फोन? पहिल्याच दिवशी? मी निदान केलं: वाळू अस्वच्छ आहे आणि ती पोटात जातेय. मग डावाने सगळी वाळू उपसली, ऊन देऊन निर्जंतुक करावी म्हणून गॅलरीत वर्तमानपत्रावर पसरली आणि टाकीत बदामाएवढे पांढरेशुभ्र गोटे रचले. तळ असा चकाकला की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवला.

मासा मात्र ताटावरून उठवल्यासारखा दिसत होता. एक गोटा तोंडात धरायचा प्रयत्न केला, जमेना, मग कोपऱ्यात जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही तो तिथेच होता, रंग उतरलेला. आता माझं धाबं दणाणलं. मी शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला.

"ओकत नव्हता हो, जेवत होता," तो म्हणाला. "वाळू चाळून त्यातलं बारीकसारीक खातो तो. त्याला बारीक, मऊ वाळूच लागते. नाहीतर उपाशी मरेल."

"तुमच्याकडे आहे?"

"पुढच्या आठवड्यात येईल."

मी गॅलरीत धावलो. तिथे शेजाऱ्यांचं मांजर होतं. उन्हात शेकलेल्या मऊ वाळूचा कुठलंही मांजर जो उपयोग करेल, तो त्याने नुकताच उरकला होता. आणि बायको आतून सांगत आली, "बाबा आज संध्याकाळीच येतायत."

मी माशाची समजूत काढायला झाकण उघडलं. त्याने उडी मारली ती थेट शोकेसच्या पायथ्याशी! ओल्या हातांनी त्याला कसंबसं उचलून टाकीत टाकलं, झाकण लावलं आणि तिथेच फरशीवर बसून वर पाहिलं. शोकेसमध्ये हातभर उंचीचं वाळूचं घड्याळ होतं. लग्नात सासऱ्यांनीच दिलेलं. समुद्रावरून वाळू आणून, धुऊन, चाळून त्यांनी ते स्वतः बनवलं होतं, जावयाला वेळेचं भान यावं म्हणून.

"त्याला हात लावलास तर याद राख," बायको म्हणाली. मग तिने कोपऱ्यातल्या माशाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि स्वतःच स्क्रूड्रायव्हर घेऊन आली.

खालची पितळी टोपी निघाली. वाळू एका पसरट काचेच्या वाडग्यात घेऊन आम्ही तो टाकीच्या तळाशी ठेवला. मासा आला. त्याने हुंगल्यासारखं केलं, तोंड भरलं आणि कल्ल्यांतून वाळूची धार लागली. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सासरे आले ते चपला काढून सरळ टाकीशी गेले.

"गोटे कोणी घातले?"

"शोभेला," मी म्हणालो.

"आणि ही वाळू?"

सासऱ्यांनी चष्मा पुसला, वाडग्यात पाहिलं, मग शोकेसमधल्या रिकाम्या घड्याळाकडे पाहिलं. माझं आयुष्य तिथेच थांबलं होतं.

"लग्नापासून एकदाही उलटं केलं नव्हतंत," ते शांतपणे म्हणाले. "दर वेळी आलो की त्याच्यावरची धूळ बघत होतो."

मासा तोंडभर वाळू घेऊन वर आला आणि त्याने ती सोडून दिली. सासरे चक्क हसले.

"चला. आता कोणीतरी खालीवर करतंय."

माझ्या जिवात जीव आला. जिवाबरोबर कल्पनाही आली. "बाबा, मी काय म्हणतो, या टाकीत जर एक निळा दिवा..."

सासरे मुलीकडे वळले. "टाकीचं झाकण नीट लाव गं," ते म्हणाले. "आणि जमलं तर यांचंही."