'दे ढेकर' आणि कानसेन

रेडिओवर दर शनिवारी नव्या गाण्यांवर बोलणारे ते निवेदक स्वतःला कानसेन म्हणवून घ्यायचे. "एक कडवं ऐकू द्या, गाणं चालणार की आपटणार ते सांगतो!" ही त्यांची फुशारकी. खरं सांगायचं तर त्यांनी कित्येक महिन्यांत एकही गाणं धड ऐकलं नव्हतं! भाचीने त्यांच्या कॉम्प्युटरवर एक शॉर्टकट करून दिला होता. दोनदा टिचकी मारली, की लोकप्रिय गाण्यांची ताजी क्रमवारी हजर! पहिलं नाव उचलायचं आणि 'माझा कान सांगतो' म्हणून ठोकून द्यायचं.

त्या शनिवारी मेहुणी तान्ह्याला घेऊन घरी आली होती. पोराने भोकाड पसरलं, तशी तिने तोच शॉर्टकट उघडला, बाळगाण्यांची क्रमवारी काढली, पोराला निजवलं आणि गेली. ते पान शेवटची निवड धरून बसतं, हे कानसेनांच्या गावीही नव्हतं. त्यांनी घाईत टिचकी मारली, पहिलं नाव वाचलं आणि स्टुडिओ गाठला.

"श्रोतेहो, 'दे ढेकर'!" त्यांनी आवाज खाली नेला. "हा साधासुधा ढेकर नव्हे. खाऊन खाऊन सुस्तावलेल्या व्यवस्थेला मारलेली ही सणसणीत चपराक आहे! काय तो कवीचा संताप!"

काचेपलीकडे तंत्रज्ञ ओठ चावत होता. तेवढ्यात एका बाईंचा फोन आला.

"आम्ही रोज लावतो हे गाणं."

"वा! ऐकताना काय होतं?"

"खांद्यावर घेऊन थोपटलं, की दुसऱ्या कडव्याला येतो."

"संताप?"

"अहो, ढेकर! पाच महिन्यांचा आहे आमचा!"

तंत्रज्ञाने बटण दाबलं. खुळखुळा वाजला, आणि गाणं घरोघरी पोचलं: 'दे ढेकर, दे ढेकर, मग गाई कर लवकर!'

कानसेनांचा चेहरा इस्त्रीखाली विसरलेल्या सदऱ्यासारखा झाला. आता नोकरी गेली! कार्यक्रम संपताच ते तडक साहेबांच्या खोलीत शिरले.

"साहेब, माफ करा. फार मोठी चूक झाली."

"कसली हो?"

"ते बाळाचं गाणं होतं. मी न ऐकताच बोललो."

साहेबांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"असं होय? मला तर काहीच वेगळं वाटलं नाही. दर शनिवारी तुम्ही असंच बोलता!"